स्मोकर कोणता घ्यावा हे न सांगणारं पुस्तक

ॲरन फ्रँकलिन आणि जॉर्डन मॅके यांचं 'फ्रँकलिन बार्बेक्यू: अ मीट-स्मोकिंग मॅनिफेस्टो' २०१५ साली आलं. ऑस्टिनमध्ये राहणाऱ्या, मांस खाणाऱ्या माणसाला कुणी ना कुणी हे पुस्तक भेट देतंच. मलाही ते तसंच मिळालं होतं. वाचलं मात्र गेल्या हिवाळ्यात, घरामागच्या अंगणात स्मोकर ठेवायचं ठरलं तेव्हा. या कामासाठी ते जवळजवळ निरुपयोगी आहे. तरीही पैसे मोजण्याआधी हेच वाचावं असं मी म्हणेन.

आधी एक खुलासा. टेक्सासात बार्बेक्यू म्हणजे निखाऱ्यांवर सळईला लावून भाजणं नव्हे. आग एका बाजूला, मांस दुसरीकडे, आणि मधून वाहणारी गरम धुराची हवा. आपल्याकडे धुंगार देतात तो वरून लावलेला वास असतो, पदार्थ आधीच शिजलेला असतो. इथे शिजणं आणि धूर यांना वेगळं काढता येत नाही. ब्रिस्केट हा बीफचा छातीकडचा, चिवट भाग. पाच-सहा किलोचा तुकडा १३५ अंश सेल्सिअसच्या आसपास दहा-बारा तास राहिला की त्यातलं कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं. (पुस्तक आलं त्याच्या महिनाभर आधी महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा झाला होता. घरच्या फोनवर माझ्या या छंदाचा तपशील फारसा निघत नाही.)

पाककृती हव्या असतील तर हे पुस्तक निराश करतं. मसाला म्हणजे मीठ आणि मिरी. बाकी पानं लाकूड, आग, हवा आणि लोखंड यांच्यावर खर्च झाली आहेत. स्मोकरच्या प्रकरणात जुन्या प्रोपेन टाकीला वेल्डिंग करून स्वतःचा स्मोकर कसा बनवायचा ते येतं. आपण विचारतो, 'कोणता घेऊ?' आणि फ्रँकलिन धुरांड्याबद्दल बोलत राहतो. सुरुवातीला मला याचा राग आला. मग लक्षात आलं की त्याच्या लेखी स्मोकर हे भांडं नाहीच, तो हवेचा रस्ता आहे. ब्रँडची तुलना करणाऱ्या कुठल्याही तक्त्यात ही गोष्ट दिसत नाही.

सगळ्यात सरस प्रकरण आगीचं. पांढरा, दाट धूर निघतोय म्हणजे लाकूड नीट जळत नाही, आणि मांस कडवट होणार. हवा असतो तो पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर. चुलीत ओलं लाकूड घातल्यावर ज्याचे डोळे चुरचुरले आहेत त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. पण याचा पुढचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. हवा कोंडून तापमान कमी केलं तर आग गुदमरते आणि धूर बिघडतो. म्हणून तापमान सांभाळायचं ते आगीचा आकार सांभाळून, दार बंद करून नव्हे.

इथेच माझा पुस्तकाशी वाद आहे. फ्रँकलिनने सुरुवात अंगणातल्या स्वस्त स्मोकरवर केली हे खरं, पण त्याचा हात आता हजार गॅलनच्या, म्हणजे सुमारे ३,८०० लिटरच्या टाक्यांना सरावला आहे. तेवढ्या टाकीला मोठी, मोकळी आग परवडते. एखादं लाकूड कमी-जास्त झालं तर जाड लोखंड ते पोटात घेतं. अंगणातला ऑफसेट स्मोकर दिसायला तसाच, एका बाजूला अग्निपेटी आणि दुसऱ्या बाजूला धुरांडं. पण त्यात स्वच्छ जळणारी आग ठेवायची तर ती अगदी लहान ठेवावी लागते, आणि लहान आग लवकर विझते. मग दर अर्ध्या तासाला मनगटाएवढं लाकूड घालत बसायचं. पत्रा पातळ असला तर वाऱ्याची प्रत्येक झुळूक आत जाणवते. पाव इंच जाड लोखंडाचा घ्यावा, तर तो दीडशे किलोचा. थोडक्यात, लहान यंत्र जास्त अवघड आहे. पुस्तकाने हे ठणकावून सांगायला हवं होतं.

दुसरी अडचण वेळेची. हॉटेलात रात्री आगीजवळ बसणारा माणूस पगारावर असतो. मी शनिवारी पहाटे चारला उठून बारा तास अंगणात थांबलो तर ते तास कुणाच्या तरी वाट्यातून जातात, बहुतेक वेळा बायकोच्या. पुस्तकात या जागरणाला जी शान आहे, तिच्यात हा हिशेब कुठेच येत नाही.

पेलेट ग्रिल याच दुखण्यावर निघालं. ऑरेगनच्या जो ट्रेगरने १९८६ साली त्याचं पेटंट घेतलं. दाबलेल्या भुशाच्या गोळ्या एक स्क्रू आगीत ढकलतो, पंखा हवा देतो, सेन्सर तापमान बघतो. माझं पोट अशाच फीडबॅक लूपवर चालतं, त्यामुळे मला त्याचा तिटकारा नाही. पण गोळ्या इतक्या कार्यक्षमपणे जळतात की धुराची चव फिकी राहते. तापमान सांभाळलं जातं, आणि फ्रँकलिन ज्याच्यासाठी जागतो तेच निसटतं.

मीटहेड गोल्डविनचं २०१६ सालचं पुस्तक याच्या शेजारी ठेवून वाचावं. त्यात ग्रेग ब्लाँडर या भौतिकशास्त्रज्ञाचे प्रयोग आहेत. मांसाचं आतलं तापमान ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान तासन् तास अडून बसतं. चरबी वितळते म्हणून, असं लोक सांगत. ब्लाँडरने दाखवलं की मांसाला अक्षरशः घाम येतो आणि बाष्पीभवनाने ते थंड राहतं. गोल्डविन पटवतो जास्त, पण लाकूड हातात घ्यावंसं वाटतं ते फ्रँकलिन वाचून.

मी शेवटी वेबरचा उभा, गोळीच्या आकाराचा कोळशाचा स्मोकर घेतला. हे मॉडेल १९८१ पासून आहे. खाली कोळसा, मध्ये पाण्याची परात, वर मांस. कोळसा आधीच कार्बन झालेला असल्याने हवा कमी करूनही तो घाण धूर करत नाही. धुरापुरते ओकचे दोन-तीन तुकडे टाकायचे. चव ऑफसेटची नाही, पण पाच-सहा तास झाकण उघडावं लागत नाही. तेवढ्या वेळात मुलीला पोहायला नेऊन आणता येतं. ज्यांना ऑफसेटच घ्यायचा आहे त्यांनी फ्रँकलिनची लाकूड आणि आग ही प्रकरणं आधी वाचावीत, आणि दुकानात अग्निपेटीचं दार लावून मोबाईलचा टॉर्च आत ठेवून बघावं, कुठून कुठून उजेड बाहेर येतो ते.