मेणाचे हात, रंगाखालचे दगड

मुंबईच्या उपनगरांतल्या ख्रिस्ती लोककलेची तब्येत पाहायची, तर सुरुवात वांद्र्याच्या टेकडीवरच्या मोतमाउलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या, जत्रेपासून करावी. मारियेच्या जन्माचा 8 सप्टेंबरचा सण झाला की पुढच्या रविवारी जत्रा भरते आणि आठवडाभर चालते. टेकडीच्या वाटेवर मेणाच्या वस्तू मांडून विक्रेते बसतात: हात, पाय, डोळे, काळीज, तान्हे बाळ, घर, आणि परदेशी जाण्याची आस असणाऱ्यांसाठी विमानसुद्धा. गुडघा दुखणाऱ्याने पाय घ्यायचा, मूल हवे असेल त्याने बाळ. देवीला चांदीचे डोळे वाहणाऱ्या मराठी माणसाला यात परके काहीच वाटत नाही. म्हणून तर जत्रेत सर्व धर्मांची माणसे लोटतात.

यातली श्रद्धा ताजी आहे, घडवणाऱ्याचा हात मात्र दिसत नाही. रांगेने ठेवलेले पाय एकाच साच्यातले. बोटे नुसत्या रेघांनी सुचवलेली, बाळाच्या चेहऱ्याला जेमतेम उठाव. नवस इतका खासगी आणि त्याची वस्तू मात्र कुणाचीही. तरीही मी या मेणाच्या बाजूने आहे. नवी इच्छा आली की तिला नवा आकार द्यायचा, हे काम इथे अजून थांबलेले नाही. कमी आहे ती चांगला साचा कोरणाऱ्याची.

खरी चिंता वाटते ती कुरुसांची, म्हणजे गावठाणांतल्या क्रुसांची. मरोळ, चकाला, सहार, कोंडिविटा, आंबोली, पुढे उत्तरेला गोराई-मनोरी: ईस्ट इंडियनांच्या या जुन्या गावठाणांत नाक्यानाक्यावर दगडी कुरुस उभे आहेत. हा इथला ख्रिस्ती समाज मराठीचीच बोली बोलणारा. ईस्ट इंडियन हे नाव त्याने 1887 मध्ये घेतले. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा भयाने आणि पुढे कृतज्ञतेने यातले बरेच कुरुस उभे राहिले. जुना कुरुस जवळून पाहावा. ख्रिस्ताच्या यातनांची सारी साधने त्यावर कोरलेली सापडतात: शिडी, हातोडा, खिळे, सांडशी, भाला, आणि पेत्राने नाकारल्यावर आरवलेला कोंबडा. ज्याला वाचता येत नव्हते त्याच्यासाठी ती सगळी कथाच होती. आकृत्या बुटक्या, ठसठशीत आणि उथळ उठावाच्या. प्रमाणशीरपणाची पर्वा नसल्यामुळेच त्यांना जोर आला आहे. ही आपल्या वीरगळांच्या शेजारी ठेवून अभ्यासावी अशी शिल्पे आहेत.

आज त्यांच्यावर तैलरंगाचे थर चढले आहेत. कोंबड्याचा झाला आहे गोळा आणि शिडीच्या पायऱ्या बुजल्या आहेत. कुठे चौथऱ्याला न्हाणीघराच्या फरशा बसवल्या, कुठे स्टीलचा पिंजरा केला. हे सारे प्रेमापोटी होते, हे मला ठाऊक आहे. मे महिन्यात संध्याकाळी याच कुरुसांपुढे शेजारी जमतात, रोजरी म्हणतात, उकडलेले चणे वाटतात. ज्या दगडापुढे आजही प्रार्थना होते तो मेलेला नाही. पण तैलरंग दगडातली ओल आत कोंडतो आणि कालांतराने पृष्ठभागच सुटू लागतो. चुन्याची सफेदी असे करत नाही.

दगडाची ही परंपरा किती खोल जाते, याची खूण बोरिवलीला मंडपेश्वरच्या लेण्यांत दिसते. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कनांनी तिथे चर्च केले. जुन्या शैव शिल्पपटावर कोरलेला क्रूस आजही आहे. तो जबरदस्तीचा इतिहास आहे, त्यावर गोड पांघरूण घालू नये. अंधेरीला सीप्झ या औद्योगिक वसाहतीच्या आवारातले 1579 चे जेझुइट चर्च आता भग्न भिंतींपुरते उरले आहे.

लाकडी संत आणि हस्तिदंती मूर्ती पाहायला गोरेगावच्या आर्चडायोसेसन संग्रहालयात जावे. मांडणी नेटकी, वस्तू अस्सल. मात्र त्या घडवणाऱ्या हातांना आज वारस कुठे आहेत? घरच्या वेदीवर आता फायबरच्या, प्लास्टरच्या तयार मूर्ती येतात. सगळ्या संतांचे गाल सारखेच गुलाबी.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या सांता फे शहरात 1926 मध्ये स्पॅनिश परंपरेच्या कारागिरांचा बाजार सुरू झाला. तिथे लाकडी संत कोरणारा स्वतः आपल्या कामामागे बसतो, साहित्य आणि पद्धत पारखली जाते आणि वस्तू त्याच्या नावाने विकली जाते. वांद्र्याच्या जत्रेचा तसा नीटनेटका बाजार करा, असे मी म्हणत नाही. इथली गर्दी आणि नवस यांतच तिचा जीव आहे. पण नाव हवे. आपल्या कुरुसांवर दात्याचे नाव असते, साल असते. पाथरवटाचे कुठेच नसते. मेणाचा साचा कोणी कोरला, हेही कोणी विचारत नाही.

निदान पुढचा रंग देण्याआधी प्रत्येक गावठाणाने आपल्या कुरुसाचे नीट फोटो काढावेत, कोरीव मजकूर उतरवून घ्यावा आणि जुने थर काढायला जाणकार बोलवावा. दगड कोणी घडवला याविषयी घराघरांत काही आठवणी असतील, तर त्या सांगणारी माणसे आज म्हातारी झाली आहेत. त्यांच्याकडे याच वर्षी जायला हवे.