हृदयविकाराच्या झटक्यातील संप्रेरके व ऑक्सिडीकरणजन्य ताण : निर्देशकांच्या अन्वयार्थाची चिकित्सा

प्रस्तावना :
हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांच्या रक्तातील संप्रेरके व ऑक्सिडीकरणजन्य ताणाचे निर्देशक मोजणे, हा जीवरसायनशास्त्रातील संशोधनाचा एक रूढ विषय आहे. अशा अभ्यासांत बहुधा रुग्ण व निरोगी व्यक्ती असे दोन गट घेतले जातात. रुग्णांमध्ये मॅलॉनडायअल्डिहाइड वाढलेले, तर टेस्टोस्टेरॉन घटलेले आढळते. मोजमाप अचूक असले, तरी त्यावरून काढला जाणारा कार्यकारणभाव तपासून घेणे आवश्यक ठरते.

विवेचन :
रक्ताचा नमुना केव्हा घेतला, हा पहिला प्रश्न होय. झटक्यानंतर कॉर्टिसॉल वाढते आणि इतर तीव्र आजारांप्रमाणेच टेस्टोस्टेरॉन घटते. बंद झालेली रोहिणी पुन्हा खुली होताच हृदयस्नायूत मुक्त मूलके मोठ्या प्रमाणावर निर्माण होतात. म्हणजेच ज्यास कारण म्हटले जाते, तो झटक्याचा परिणामही असू शकतो. शिवाय थायोबार्बिट्युरिक आम्लाची प्रचलित चाचणी मॅलॉनडायअल्डिहाइडखेरीज इतर पदार्थांनाही प्रतिसाद देते.

या गल्लतीची किंमत रुग्णांनी मोजलेली आहे. रजोनिवृत्तीपूर्वी स्त्रियांमध्ये हृदयविकार कमी आढळतो, यावरून इस्ट्रोजेन संरक्षक मानले गेले. अमेरिकेतील ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’मध्ये झटका येऊन गेलेल्या पुरुषांना ते देण्यात आले, परंतु हृदयविकाराच्या घटना वाढल्याने अधिक मात्रेचा गट १९७० मध्ये थांबवावा लागला. पुढे १६,६०८ स्त्रियांवरील इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन चाचणी २००२ मध्ये मुदतीपूर्वी बंद झाली. तीत स्तनाच्या कर्करोगाबरोबरच हृदयविकाराचे प्रमाणही वाढलेले दिसले. प्रतिऑक्सिडीकारकांची कथा वेगळी नाही. ब्रिटनमधील ‘हार्ट प्रोटेक्शन स्टडी’त २०,५३६ व्यक्तींपैकी निम्म्यांना सुमारे पाच वर्षे ई व क जीवनसत्त्वे आणि बीटा-कॅरोटीन देण्यात आले. त्यांच्या रक्तातील पातळी वाढली; झटके वा मृत्यू मात्र घटले नाहीत. हे निष्कर्षही २००२ मध्येच प्रसिद्ध झाले. तरीही लहान अभ्यासांच्या शेवटी जीवनसत्त्वांची शिफारस आढळते, ती त्या अभ्यासांतील पुराव्याच्या पलीकडची आहे.

समारोप :
यावरून निर्देशक निरुपयोगी ठरत नाहीत. ट्रोपोनिन निदानासाठी अत्यंत मोलाचे आहे. पण ते कमी करण्याचे औषध कोणी देत नाही. झटक्यानंतर किती तासांनी नमुना घेतला याची नोंद, वय, धूम्रपान व मधुमेह यांबाबत समतुल्य गट आणि काही आठवड्यांनी पुनर्मापन, एवढी दक्षता मर्यादित साधनांच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेलाही घेता येते. कारण शोधावयाचे असल्यास झटक्यापूर्वी साठविलेले नमुनेच हवेत. अन्यथा निष्कर्ष ‘सहसंबंध’ या शब्दापाशीच थांबविणे शास्त्रीय प्रामाणिकपणाचे ठरेल.