मूक पुतळा, बोलके पात्र

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरी, कनाल रस्त्यावरील डी. एच. होम्स या पूर्वीच्या दुकानाच्या घड्याळाखाली इग्नेशियस रायली याचा ब्राँझचा पुतळा आहे. जॉन केनेडी टूल यांच्या ‘अ कॉन्फेडरसी ऑफ डन्सेस’ या विनोदी कादंबरीचा हा नायक होय. हयातीत टूल यांना प्रकाशक लाभला नाही; १९६९ साली त्यांनी आत्महत्या केली. मातेच्या चिकाटीमुळे १९८० साली कादंबरी प्रसिद्ध झाली व १९८१ साली तीस पुलित्झर पारितोषिक मिळाले.

कानपट्ट्यांची टोपी, स्थूल देह इत्यादी तपशील पुतळ्यात यथातथ्य उतरले आहेत. तथापि या पात्राचा विनोद देहापेक्षा भाषेत अधिक आहे. इग्नेशियस ग्रंथस्थ, अलंकृत इंग्रजी बोलतो. त्याची आई शहरातील सामान्यांची बोली बोलते. या दोन भाषारूपांच्या संघर्षातून हास्य निर्माण होते. ते दाखविणे ब्राँझच्या शक्तीबाहेरचे आहे.

मग या पुतळ्याचे साफल्य कशात मानावयाचे? आमच्या मते, स्थळाच्या निवडीत. कादंबरीच्या आरंभी नायक याच घड्याळाखाली आईची वाट पाहत उभा असतो. ‘येथे’ या शब्दाचा अर्थ जसा बोलणाऱ्याच्या स्थानावरून ठरतो, तसा या पुतळ्याचा अर्थ त्या घड्याळावरून ठरतो. अन्य चौकात नेल्यास तो केवळ एका लठ्ठ इसमाचा पुतळा उरेल. दुकान बंद झाले, तरी ती जागा त्याने वाचकांसाठी राखली आहे. इग्नेशियसची वाणी ऐकावयाची, तर मात्र टूल यांच्या ग्रंथाकडेच वळले पाहिजे.