दगडू, दगडूशेठ आणि दुमिंग

नावात काय आहे, असं विचारणाऱ्याचं नाव कधी कुणी मोडून हाक मारलेली नसते. म्हणून तो विचारू शकतो. आपल्या प्रस्थापित समीक्षकांचंही तेच. दलित आत्मकथनातली नावं त्यांना ‘वास्तवाचा रंग’ वाटतात आणि ते पुढं सरकतात. मला तिथंच थांबायचंय.

सुरुवात गासपासून करू. वसई तालुक्यातल्या या गावात आणि आजूबाजूला ख्रिस्ती घरांची आडनावं लोपीस, डिमेलो, रॉड्रिग्ज, परेरा, कोरिया अशी. १५३४ च्या तहानं वसई पोर्तुगिजांकडे गेली, १७३९ साली चिमाजी आप्पानं ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत बाप्तिस्म्याबरोबर ही आडनावं आली. राज्य गेलं, आडनावं राहिली.

अर्थ बघा. रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा पोरगा. परेरा म्हणजे नासपतीचं झाड. आणि कोरिया म्हणजे चामड्याचा पट्टा! पण कोरिया ऐकून कुणी नाक मुरडत नाही. कारण अर्थ कुणाला ठाऊक नाही. चांभार म्हटलं की मात्र लगेच कळतं. म्हणजे विटाळ चामड्यात नव्हताच, ऐकणाऱ्याच्या कानात होता.

मग आडनाव बदललं की जात जाते? तसंही नाही. वसईच्या ख्रिस्ती समाजात सामवेदी, वाडवळ, कोळी हे गट राहिलेच. पाटी परदेशी, आळी जुनीच. आमच्याकडंही पवार, जाधव, गायकवाड आहेत आणि मराठ्यांतही आहेत. म्हणून तर आडनाव सांगितल्यावर पुढचा प्रश्न येतो, ‘गाव कोणतं?’

आता पाळण्यातलं नाव. दुमिंग हे ख्रिस्ती लोकांतलं जुनं नाव. मूळ डोमिंगोस. पोर्तुगीज भाषेत डोमिंगो म्हणजे रविवार. याच पालघर जिल्ह्यात वारल्यांची पोरं वारावरूनच सोम्या, मंगळ्या, बुध्या होतात. दोघांचीही नावं कॅलेंडरातली. पण दुमिंगच्या पाठीशी संत उभा आहे. मंगळ्याच्या पाठीशी कुणी नाही. म्हणून वर्गात हसू मंगळ्याला येतं.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ठरवून दिलंय की ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, शूद्राचं किळसवाणं. बाबासाहेबांच्या पुढारीपणाखाली २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ती जाळली गेली, ते उगाच नाही. पण दगडू, धोंडू, कचरू ही सगळी नावं मनूनं ठेवलेली नाहीत. पोरं जगत नव्हती, तेव्हा आईनं मरणाला चकवायला ती ठेवली. दगडाला काय न्यायचं, म्हणून मरण माघारी जाईल. यात माया आहे. वरून बघणाऱ्याला फक्त घाण दिसते.

बरं, ही नावं आमचीच थोडी आहेत! धोंडो केशव कर्व्यांना १९५८ साली भारतरत्न मिळालं. पुण्यात दगडूला शेठ जोडला गेला तर अख्खा गणपती त्याच्या नावानं ओळखला जातो. दगड तोच. पुढं पंत लागतो, शेठ लागतो, की नुसता ‘ड्या’ उरतो, एवढाच फरक.

हे ध्यानात ठेवून ‘बलुतं’ वाचा. १९७८ साली आलेल्या या पुस्तकात दगडू बोलतो आणि दया पवार ऐकतो. माणूस एकच, दगडू मारुती पवार. याला नुसतं निवेदनतंत्र म्हणणं म्हणजे दुखणं टाळणं. एका माणसाला दोन नावांनी जगावं लागतं, ते दुखणं. पवारांचं मोठेपण हे की त्यांनी दगडूला पुरला नाही, समोर बसवला. माझी तक्रार एकच. कव्हरवर दया आहे, दगडू आत आहे. तक्रार लेखकाविषयी कमी, ज्यांच्यासाठी कव्हर छापतात त्यांच्याविषयी जास्त.

नाव बदलायचा हक्क आमचा आहेच. सकपाळांच्या घरातलं पोर ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर म्हणून दाखल झालं. १९५६ नंतर घराघरांत गौतम, मिलिंद, सिद्धार्थ आले. नव्या नावांनी मान ताठ झाली, खरंच. तरी आमच्या गिरणीत मुकादम हजेरीला मिलिंदचा ‘मिल्या’ अन् सिद्धार्थचा ‘सिध्या’ करतोच. भांडण शब्दाशी नाही, त्या तोंडाशी आहे.

म्हणून लिहिणाऱ्या दोस्तांनो, कवितेत दगडू आला तर लाजू नका आणि त्याला रंग म्हणूनही वापरू नका. त्याचं नाव पूर्ण लिहा. बापाच्या नावासकट, आडनावासकट.