रहस्यकथेचा वाचक : बाबुराव अर्नाळकर आणि मराठवाडा

बाबुराव अर्नाळकर यांच्याविषयी लिहिताना मराठी समीक्षेने बहुधा एकाच गोष्टीची दखल घेतली, ती म्हणजे संख्येची. एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाचे १९९६ साली निधन झाले. संख्येविषयीचे आश्चर्य व्यक्त झाले की वाङ्मयीन विचाराची जबाबदारी संपली, असा समज त्यामागे दिसतो. वस्तुतः प्रश्न तेथूनच सुरू होतो. इतके वाचले गेलेले लेखन वाचकांची कोणती गरज भागवीत होते?

त्झवेतान तोदोरोव्ह यांच्या विवेचनानुसार रहस्यकथेत दोन कथा असतात : एक गुन्ह्याची, दुसरी शोधाची. अर्नाळकरांच्या कथाविश्वात या दोहोंच्या जोडीला आणखी एक ताण आहे. धनंजय हा रूढ अर्थाने गुप्तहेर आहे. परंतु झुंजार आणि काळा पहाड कायद्याच्या कक्षेबाहेर राहून न्याय करतात. स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगवास भोगलेल्या लेखकाला कायदा आणि न्याय या दोन भिन्न गोष्टी वाटाव्यात, हे स्वाभाविक आहे. कित्येक कथानके इंग्रजी कादंबऱ्यांवर बेतलेली आहेत, घटनांची रचना साचेबंद आहे, पात्रे सपाट आहेत. हे सर्व मान्य केले तरी हा ताण उसना ठरत नाही.

नांदेड-लातूरच्या वाचकापाशी तो कोणत्या अर्थाने पोचला असेल? निजामी राजवटीत शिक्षणाचे व कारभाराचे माध्यम प्रामुख्याने उर्दू होते. कायद्याच्या नावाखाली चाललेला जुलूम या प्रदेशाने रझाकारांच्या काळात अनुभवला. आणि १९४८ सालच्या मुक्तीलाही लोकांच्या तोंडी नाव राहिले ते 'पोलीस ॲक्शन'चे. मुंबईच्या वाचकाला कायद्याबाहेरचा नायक स्वप्नरंजन वाटू शकतो. येथील वाचकाला त्यात आपल्या स्मृतीचा प्रतिध्वनी ऐकू येणे शक्य होते. शिवाय उर्दू शिकलेल्या पिढीला इब्ने सफी यांची, १९५२ पासून अलाहाबादहून निघणारी 'जासूसी दुनिया' खुली होती. तिचे नायक फरीदी आणि हमीद हे सरकारी अधिकारी. दोन भाषांतील दोन न्यायकल्पना एकाच वाचकाच्या हाती पडू शकत होत्या. अशा तौलनिक अभ्यासाला मराठवाड्याइतके योग्य क्षेत्र क्वचितच सापडेल.

हे अनुमान पडताळावयाचे तर पुरावा हवा, आणि तो नाशवंत आहे. हलक्या कागदावरची ही पुस्तके हाताळणीनेच झिजली. वाचनालयांची जुनी देवघेव-पुस्तके रद्दीत गेली आणि त्या काळचे वाचक काळाआड गेले की अभिरुचीच्या इतिहासातील एक प्रकरण कायमचे पुसले जाईल. नरहर कुरुंदकरांसारख्या समीक्षकाची कर्मभूमी असलेल्या नांदेडात १९९४ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. हे काम त्याच्या कक्षेत येते.

अर्नाळकरांना श्रेष्ठ लेखक ठरविण्याचा आग्रह येथे नाही. आग्रह आहे तो समीक्षेने वाचकाला साहित्यव्यवहाराचा घटक मानण्याचा. ज्याला आपण 'सामान्य वाचक' म्हणून बाजूला सारतो, तो न्यायाविषयी काय विचार करीत होता, याचे उत्तर कदाचित त्या झिजलेल्या पानांतच असेल.