पट्टी कोणाची? गळ्याची की गिटारची?

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या फराळानंतर आमच्या शेजाऱ्यांकडे एक छोटीशी मैफल झाली. घरातला मुलगा गिटार वाजवणार आणि त्याची धाकटी बहीण गाणार, असा बेत होता. गाणे ठरले होते ‘ऑटम लीव्हज’. मुलाने महिनाभर पुस्तकासमोर बसून बोटे घोटवली होती. पण मुलीने तोंड उघडले आणि पहिल्याच ओळीच्या शेवटी तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. अंतऱ्यात तर तिने सूर सोडून केवळ शब्द म्हटले. “जरा खाली घ्या की,” असे आजी म्हणाल्या, तेव्हा मुलगा गंभीरपणे उत्तरला, “पुस्तकात याच पट्टीत आहे.”

हे उत्तर मला अजून बोचते, कारण ते एकट्या त्या मुलाचे नाही. आपल्याकडे कोणत्याही गवयाला त्याची पट्टी विचारल्याशिवाय पेटीवाला भाता हलवीत नाही. काळी एक, पांढरी पाच, काळी चार, हा गाणाऱ्याचा पहिला हक्क. गवई आजारातून उठला असेल तर तानपुरा अर्धा सूर उतरवला जातो आणि रागाचा त्यात काहीही अपमान होत नाही. मग तेच घर पाश्चात्त्य गाणे हाती घेतले की छापील पट्टीला शिलालेख का समजू लागते?

या गाण्याचीच हकीकत पाहावी. चाल जोझेफ कॉस्मा या बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या संगीतकाराची. ती मुळात 1945 साली पॅरिसमधल्या एका बॅलेसाठी रचली गेली, पुढे जाक प्रेव्हेर या कवीचे शब्द तिला लाभले आणि 1946 च्या एका फ्रेंच चित्रपटात ती आली. इंग्रजी शब्द जॉनी मर्सरचे. जाझवाल्यांनी तिला आपलेसे केले, त्यात 1958 साली कॅननबॉल अॅडर्ली आणि माइल्स डेव्हिस यांनी केलेले ध्वनिमुद्रण विशेष गाजले. तेथे पट्टी आहे जी मायनर, म्हणजे आपली पांढरी पाच. ही पट्टी सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट यांच्या सोयीची. फुंकवाद्ये बी फ्लॅट आणि ई फ्लॅटच्या घराण्यातली, म्हणून जाझच्या वह्या फ्लॅटांनी भरलेल्या असतात. मुंबईच्या ताजमध्ये बँड चालवणारे गोव्याचे चिक चॉकलेट, म्हणजे अंतोनियो झेव्हियर व्हाझ, ट्रम्पेटच वाजवीत. त्यांना ती पट्टी अंगच्या कोटासारखी बसली असती. पण आमच्या शेजारच्या मुलीच्या गळ्यात ट्रम्पेट नाही.

गिटारचेही तसेच. तिच्या सहा तारा मोकळ्या सोडल्या तर ई, ए, डी, जी, बी, ई असे सूर निघतात. जी मायनरमध्ये या गाण्याच्या सात मुख्य कॉर्डांपैकी दोघांचाच खर्ज मोकळ्या तारेवर मिळतो. बाकीच्यांसाठी तर्जनी आडवी टाकून तारा आवळाव्या लागतात आणि हात लवकरच लाकडासारखा होतो. ए मायनरमध्ये डी, ई आणि ए असे तीन खर्ज मोकळे मिळतात, अंगठा नुसता पडला तरी तार घुमते, आणि बोटे वरच्या सुरांसाठी रिकामी राहतात. म्हणजे पुस्तकातली पट्टी गळ्याच्या सोयीची नाही आणि बोटांच्याही नाही. ती केवळ छापलेली आहे!

आता चालीच्या अंगाने बघू, कारण खरी गंमत तेथे आहे. सा, रे, कोमल ग असे तीन सूर चढून चाल एकदम कोमल धैवतावर जाऊन थांबते. मग खालच्या कोमल निषादापासून पुन्हा तीन पायऱ्या आणि पंचमावर मुक्काम. तिसऱ्यांदा खालच्या कोमल धैवतापासून निघून मध्यमावर. चौथ्यांदा मंद्र पंचमापासून, या खेपेला शुद्ध धैवत आणि शुद्ध निषाद घेऊन, कोमल गंधारावर. चार मुक्काम: ध, प, म, ग. दर वेळी चढायचे आणि दर वेळी आधीपेक्षा एक पायरी खाली टेकायचे. पान झाडावरून गळताना वाऱ्याने पुन्हा थोडे उचलले जावे, तशी ही चाल आहे. कॉस्माने शब्दांचा आधार न घेता हे साधले, म्हणून मी या चालीला फार मोठी मानतो.

कॉर्डांच्या पोटातही तेच घडते. प्रत्येक कॉर्डातले दोन महत्त्वाचे सूर, तिसरा आणि सातवा, तेवढेच लिहून पाहा. कोमल ध आणि कोमल ग. मग कोमल ध आणि रे. मग प आणि रे. प आणि सा. म आणि सा. म आणि शुद्ध नि. आणि शेवटी कोमल ग. प्रत्येक पावलाला एक सूर जागच्या जागी आणि दुसरा एक पायरी खाली. शिवाय गळा ज्या चार सुरांवर टेकतो, ते त्या त्या वेळच्या कॉर्डाचे तिसरे सूरच आहेत.

यावरून साथ कशी करावी हे आपोआप ठरते. गळा कोमल धैवतावर उभा असताना गिटारने तोच सूर पुन्हा कशाला वाजवायचा? अंगठ्याने खर्ज आणि एका बोटाने सातवा सूर, एवढे पुरे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक गिटार-मांडण्या मात्र एकट्याने वाजवण्यासाठी केलेल्या असतात. त्यांत चाल सर्वांत वरच्या तारेवर असते. ती तशीच वाजवून वर गाणे म्हटले की गायिकेच्या मागे कोणी चुगलखोर तिचेच बोलणे पुन्हा बोलतो आहे, असे वाटते. त्यातच नववे, तेरावे सूर भरण्याची हौस. फराळाच्या ताटात करंजीवर चकली, चकलीवर चिवडा, आणि खाणाऱ्याला हात घालायला जागा नाही!

एला फिट्झजेराल्ड आणि जो पास यांनी 1973 साली केवळ गळा आणि गिटार एवढ्यावर एक संपूर्ण तबकडी केली. जो पास काय वाजवू शकत असे, हे त्याच वर्षीच्या त्याच्या एकल वादनात ऐकावे. मग एलाच्या मागे तो किती गोष्टी वाजवीत नाही, तेही ऐकावे. एलाचा सूर लांबला की तो दोन शब्द बोलतो, आणि ती श्वास घेऊन परत आली की अंग चोरून बाजूला होतो. आपल्याकडच्या जाणत्या सारंगियाची आठवण व्हावी, असे ते वागणे आहे.

‘ऑटम लीव्हज’पुरते बोलायचे तर एव्हा कॅसिडी हिचे 1996 साली वॉशिंग्टनच्या ब्लूज अॅली या क्लबात मुद्रित झालेले गाणे मला जवळचे वाटते. गिटार तिच्याच हाती आहे. लय इतकी सावकाश की जाझचे सोवळे पाळणारे नाक मुरडतील, आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. जाझमधला झोका तेथे नाही. मलाही काही ठिकाणी ती जरा जास्तच रेंगाळते असे वाटते. पण खालचे सूर ती ज्या विश्वासाने घेते, तो विश्वास पट्टी गळ्याची असल्याखेरीज येत नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, तेहतिसाव्या वर्षी, ती वारली. हे ठाऊक झाल्यावर ते गाणे तटस्थपणे ऐकणे कठीण जाते, हे मी कबूल करतो.

शेजारच्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी बोलावले. बहिणीला आधी गिटारशिवाय गायला सांगितले, आणि तिचा सर्वांत खालचा व सर्वांत वरचा सूर पेटीवर शोधला. ए मायनर धरले तर मंद्र पंचम नुसता पुटपुटल्यासारखा येई. ई मायनर, म्हणजे पांढरी तीन, धरली की अंतरा टोचे. तेव्हा बोटे ए मायनरचीच ठेवून तिसऱ्या पडद्यावर कॅपोचा चिमटा लावला. तारा तीन अर्धसूर चढल्या, पट्टी झाली सी मायनर, पांढरी एक. वरच्या तारेवरची चाल काढून टाकायला तो तयार होईना, महिन्याची मेहनत होती ती. शेवटी तडजोड झाली: पहिले आवर्तन त्याने एकट्याने वाजवायचे, चालीसकट, आणि बहिणीने तोंड उघडले की खर्ज आणि एक सूर. गेल्या दिवाळीत त्यांनी तसेच केले. चौथ्या मुक्कामावर ती कोमल गंधार धरून राहिली तेव्हा त्याने चक्क एक संपूर्ण मात्रा काहीच वाजवले नाही. आजींनी मान हलवली आणि तबकातला लाडू त्याच्याकडे सरकवला.