परयोनीचें सोंग

आपल्या घरांतून मुलांच्या खेळांविषयीं जी चर्चा होते ती बहुधा वेळ, डोळे आणि परीक्षा या तीन शब्दांतच आटोपते. खेळणाराच्या कल्पनाशक्तीस त्या खेळांत कांहीं काम पडतें कीं नाहीं, पडत असल्यास तें तो कसें करितो, हे प्रश्न आपण नटाविषयीं विचारतों, कादंबरीकाराविषयीं विचारतों. पण संगणकाच्या पडद्यावर चालणाऱ्या खेळाविषयीं ते विचारण्याचें आपल्या मनांत येत नाहीं. आम्हीही या दोषापासून मुक्त नव्हतों. वाशिमास एका स्नेह्यांच्या घरीं दिवाळीचे चार दिवस राहण्याचा योग आला, आणि तेथें जें पाहिलें-ऐकिलें त्यानें आमचें मत बरेंच पालटलें. तेंच येथें वाचकांपुढें मांडितों.

स्नेह्यांचा मुलगा पुण्यास अभियांत्रिकीचें शिक्षण घेतो. रात्रीं नऊ वाजले कीं तो कानांस हेडफोन लावून लॅपटॉपपुढें बसे. कोणी मित्र पुण्यांत, कोणी नागपुरांत, एक परदेशांत, असे पांच जण ऑनलाइन जमत आणि तासन् तास मराठींत बोलत. तिसऱ्या रात्रीं आम्ही जवळच वाचीत बसलों होतों. आजीबाई पलंगावर पडल्या होत्या. खेळांतील मंडळी एका गुहेच्या तोंडाशीं पोंचली असावी. इतक्यांत तो मुलगा अगदीं निराळ्या स्वरांत म्हणाला, "आत नोको जाऊ रे बाप्पा, विचू-काटा राह्यते!" आजीबाई ताडकन् उठून बसल्या. "अव माय! हे तं मीच बोलून रायली!" असें म्हणून त्या हसूं लागल्या. मुलगाही हसला, पण खेळ सोडून त्यानें खुलासा केला नाहीं. तो आम्हीं दुसऱ्या दिवशीं चहाच्या वेळीं त्याच्याकडून मिळविला.

या खेळाचें नांव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकनांनीं रचिलेला हा खेळ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. यांत एक जण सूत्रधार होतो. अरण्यें, किल्ले, बाजार, शत्रु यांचें तो वर्णन करितो. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या पात्राच्या तोंडून बोलतात, आणि एखादें अवघड कृत्य सिद्धीस गेलें कीं नाहीं याचा निकाल फांसे देतात. १९७८ सालीं इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानें अनेकांनीं संगणकावर एकत्र खेळण्याचें असलेंच एक जग रचण्यास आरंभ केला, आणि २००४ सालीं निघालेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’सारख्या खेळांनीं ती कल्पना जगभर लाखों घरांत नेली. मूळचा बैठा खेळही पुढें आंतरजालावर आला. खेळांत शिरतांना पहिलाच प्रश्न असा कीं, तुम्ही कोणत्या योनींत जन्म घेणार? प्रारंभीं मनुष्य, एल्फ, ड्वार्फ व हॉबिट इतकेच मार्ग खुले होते. आज सरड्यासारखीं, कांसवासारखीं, ड्रॅगनच्या कुळांतलीं अशीं कितीतरी पात्रें घेतां येतात. आमच्या या तरुण मित्रानें त्यांतूनही एक विरळा योनि निवडली होती. तिला ‘केंकू’ म्हणतात. आपण काकमानव म्हणूं.

या काकमानवांची २०१६ सालच्या एका पुस्तकांत दिलेली कथा अशी आहे कीं, त्यांनीं पूर्वीं आपल्या धन्याचा द्रोह केला. त्या अपराधाबद्दल त्यांचे पंख गेले, वाचा गेली आणि स्वतःची नवी कल्पना सुचण्याची शक्तिही गेली. त्यांना बोलतां येतें, परंतु जो ध्वनि पूर्वीं कानांवर पडला असेल तोच जसाच्या तसा काढून. यामुळें या मुलाच्या पात्राला ‘सावध व्हा’ असें सरळ सांगतां येत नाहीं. तें कोणाकडून तरी ऐकलेलें असावें लागतें. म्हणून गुहेच्या तोंडाशीं आजीबाईंचा स्वर आला. त्याआधीं गर्दींतून वाट काढतांना एस. टी.च्या कंडक्टरचें ‘पुढें सरका’ आलें होतें, आणि चोर सांपडला तेव्हां एका मास्तरांचें ‘कोण बोललं रे तें?’ आलें होतें. मुलगा म्हणाला, "हें पात्र घेतल्यापासून मी लोकांचें बोलणें लक्ष देऊन ऐकूं लागलों आहें." आम्हांस वाटतें, पुष्कळ कथालेखकांनाही हें व्रत घेण्यासारखें आहे.

त्याच मेळ्यांतील दुसऱ्या एका मित्रानें ड्रॅगनच्या कुळांतलें पात्र घेतलें होतें. अंगावर खवले, तोंडांतून ज्वाळा, असा सगळा थाट होता. परंतु तो बोलूं लागला कीं पुण्याच्या वसतिगृहांतला विद्यार्थीच बोले. खवल्यांचा त्याला कधीं भार झाला नाहीं, कीं आपल्या श्वासानें कोणी भाजेल अशी धास्ती वाटली नाहीं. त्याचें सोंग ऐकून आम्हांस मराठी रंगभूमीचा आरंभकाळ आठवला. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ केलें, आणि त्या धर्तीच्या खेळांतून राक्षसांचीं पात्रें रंगभूमीवर आलीं. आरोळ्या, तलवारी, आदळआपट, यांवरून त्या नाटकांस पुढें थट्टेनें ‘अलल्डुर्र’ नाटकें म्हणूं लागले. प्रेक्षक भीत व खूष होत. पण राक्षस असणें म्हणजे काय, हें त्या आरोळीनें कोणास कळलें नाहीं. विलक्षण योनि घेणाऱ्या पुष्कळ खेळाडूंची हीच गत होते. चार माणसांत आपण उठून दिसावें एवढ्याचसाठीं शिंगें घेतलीं कीं तीं शिंगें पहिल्या तासांतच शिळीं होतात, आणि मग तो खेळाडू लक्ष वेधण्यासाठीं अधिक मोठ्यानें ओरडूं लागतो.

भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत यक्ष, राक्षस, नाग यांच्या वेषांचा आणि रंगांचा विचार केला आहे; परंतु नटानें दुसऱ्याचा स्वभाव कसा धरावा हें सांगतांना त्यांनीं जीव एक देह टाकून दुसऱ्या देहांत शिरतो त्याची उपमा दिली आहे. आपल्याकडे यालाच परकायाप्रवेश म्हणतात. या शब्दांत एक अट गृहीत आहे. दुसऱ्याच्या देहांत शिरावयाचें तर त्या देहाला जें करतां येत नाहीं तेंही पत्करावें लागतें. नवी शक्ति घेण्यास कोणीही तयार असतो. सोंगाचा कस त्यांतील उणिवेनें लागतो.

वाशिमास बसून हा विचार करण्यांत एक विशेष औचित्य होतें. वाशिम जिल्हा १९९८ सालीं अकोल्यापासून निराळा झाला, पण हें गांव फार जुनें. वत्सगुल्म हें त्याचें प्राचीन नांव, आणि वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. कामसूत्रावरील जयमंगला टीकेंत वत्स व गुल्म या दोघां राजपुत्र बंधूंवरून त्या प्रदेशास हें नांव पडल्याचें सांगितलें आहे. आतां अकराव्या शतकांतील सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’ उघडावा. तेथें वत्स व गुल्मक या भावांची एक बहीण आहे, श्रुतार्था. वासुकि नागाचा पुतण्या कीर्तिसेन याच्यापासून तिला झालेला पुत्र तो गुणाढ्य. म्हणजे आपल्या कथावाङ्मयाचा हा आद्य पुरुष, कथेप्रमाणें, अर्धा नाग होता. आणि त्याच्या मामांचीं नांवें या गांवाच्या नांवांत गोंवलेलीं आहेत. या नामसाम्यावरून इतिहास सिद्ध होतो असें आम्ही म्हणत नाहीं. पण आमच्या विषयाला त्या कथेइतका जवळचा दाखला दुसरा सांपडणें कठीण.

गुणाढ्यानें सातवाहन राजाच्या दरबारीं पैज मारिली कीं, सहा महिन्यांत कोणी राजास संस्कृत शिकवील तर आपण संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषा सोडूं. शर्ववर्म्यानें तें सहा महिन्यांत केलें. गुणाढ्य मुका होऊन विंध्याच्या अरण्यांत गेला. तेथें पिशाचांचें बोलणें कानांवर पडून तो त्यांची भाषा शिकला, आणि काणभूति नांवाच्या पिशाचानें सांगितलेली कथा त्यानें सात वर्षें खपून सात लक्ष श्लोकांत लिहिली. अरण्यांत शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानें लिहिली. पिशाचांची भाषा आणि रक्ताचीं अक्षरें पाहून राजानें ग्रंथ परत धाडला. तेव्हां गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांस वाचून दाखवून अग्नींत टाकूं लागला, आणि प्राणी चरणें सोडून रडत ऐकत राहिले. राजास सुके मांस खाऊन आजार झाला, तेव्हां कोठें शोध लागला. तोंवर एक लक्ष श्लोक उरले होते. तो मूळ ग्रंथही आज उपलब्ध नाहीं.

वाचा गमावलेला काकमानव आणि तीन भाषा सोडलेला गुणाढ्य या दोघांत आम्हांस जें नातें दिसतें तें हेंच. उसन्या, हीन मानलेल्या वाणींत बोलण्याची सक्ति झाली, आणि त्या सक्तींतूनच श्रोते रडूं-हसूं लागतील असें कांहीं निघालें. या ग्रंथाचा विषय विद्याधर कां, याचेंही कारण कथेंत शंकरांनीं पार्वतीस सांगितलें आहे: देव सदा सुखी, माणसें सदा दुःखी, म्हणून या दोहोंच्या मधल्या योनीचीं चरित्रें मनोहर. अनोख्या योनीच्या आकर्षणाची याहून चांगली मीमांसा आम्हांस ठाऊक नाहीं.

येथपर्यंत आमचें मत अनुकूल झालें. परंतु एका गोष्टीची चिकित्सा केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. या खेळांत योनीला इंग्रजींत जो शब्द होता त्याला मराठींत वंश म्हणा कीं जात म्हणा, त्याचा वास आपल्याला चांगला परिचित आहे. २०१६ च्या त्या पुस्तकांत ऑर्क म्हणून जन्मलेल्याची बुद्धि जन्मतःच उणी धरली होती. हा नियम २०२० सालीं काढून टाकण्यांत आला. २०२२ सालीं काकमानवाची वाचाही मोकळी झाली. आणि २०२४ च्या आवृत्तींत तो जुना शब्दच गेला, आणि गुणांची वाढ जन्मावरून न देतां पात्राच्या पूर्वायुष्यावरून देण्यांत आली. कित्येक जुन्या खेळाडूंस हा बदल रुचला नाहीं. आमच्या मतें येथें दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. पंख नसणें किंवा दुसऱ्याच्याच शब्दांत बोलावें लागणें ही देहाची अडचण आहे. तिच्याशीं झगडतांना पात्र घडतें. परंतु अमक्या कुळांत जन्मलेल्यास नवें कांहीं सुचणारच नाहीं, तो मंदच असणार, हा निकाल आहे; आणि असले निकाल आपल्या समाजानें फार दिवस दिले आहेत. दुसरी गोष्ट गेली तें उत्तम झालें. पहिली गेली याचें मात्र आम्हांस वाईट वाटतें, आणि आमच्या मित्रानें जुनीच अट स्वखुषीनें चालू ठेवली यांत त्याची रसिकता दिसते.

हा विषय निघाला तेव्हां तो मुलगा जें बोलला तें त्याच्या वडिलांनींही ऐकलें. तो म्हणाला, "येथें कोणालाही नांव सांगितलें कीं दुसरा प्रश्न आडनांवाचा येतो. कावळा झाल्यापासून तेवढा प्रश्न कोणी विचारलेला नाहीं." थोडा वेळ कोणी कांहीं बोललें नाहीं. एकनाथांनीं पैठणास राहून भारुडांतून महार, जोशी, आंधळा, मुका यांचीं सोंगें घेतलीं आणि त्यांच्या तोंडून ‘मी’ म्हटलें. त्या ‘मी’ म्हणण्यांत केवढें धैर्य होतें हें आम्हांस त्या क्षणीं नव्यानें जाणवलें. ज्याला आपली योनि बदलून पाहतां येते, त्याला जन्म हा योगायोग आहे हें निदान त्या घटकेपुरतें तरी कळतें.

मात्र परीक्षकाचें काम स्तुतीनें पुरें होत नाहीं. मुलाच्या सोंगांत एक उणीव होती ती आम्हीं त्याला सांगितली. हुबेहूब आवाजांनीं मित्रांस हसविण्यांत त्याचा काकमानव इतका रमे कीं पंख गेल्याचें त्याला कधीं स्मरतच नसे. एकदांही त्यानें आकाशाकडे पाहिलें नव्हतें. मुलानें ऐकून घेतलें, उत्तर दिलें नाहीं.

त्या रात्रीं, म्हणजे आमच्या मुक्कामाच्या शेवटच्या रात्रीं, सूत्रधारानें मंडळींस एका उंच कड्यावर आणून सोडलें. खालीं दरी, पलीकडे जाण्यास दोर. सगळे दोराची खटपट करीत असतां सूत्रधारानें विचारलें, "कावळा काय करतो?" मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग त्यानें खांद्यावरचा पंचा काढला आणि माइकजवळ दोन-तीनदां झटकला. देवळाच्या शिखरावरून पारवे एकदम उठतात तसा फडफडाट झाला. काकमानवानें तो ध्वनि कोठें तरी ऐकून ठेवला होता, आणि तेवढाच त्याच्याजवळ उरला होता. पलीकडून कोणी हसलें नाहीं.

आमच्या वाचकांच्या घरींही असा खेळ चालत असेल. वेळेचा हिशेब अवश्य विचारावा. तो विचारणें वडीलमाणसांचें कामच आहे. त्याबरोबर एक प्रश्न आणखी विचारून पाहावा: तूं त्या खेळांत कोण आहेस, आणि तुला काय करतां येत नाहीं? मूल शक्तींचीच यादी सांगूं लागलें तर खेळ अजून कातडीवरच आहे असें समजावें. उणिवेविषयीं त्याला बोलतां आलें, तर घटकाभर जवळ बसून ऐकण्यास हरकत नाहीं.